पेन्सिलीची नोंद

दत्तू,

आईचं नाव आधी, बापाचं नंतर. ऑर्किडच्या कुंडीवरची पट्टी कशी लिहायची ते शिकवताना तू मला पहिल्यांदा हेच सांगितलंस, आणि मी हसलो होतो. तीस वर्षं मी तहसील कचेरीत जमिनीच्या नोंदी लिहिल्या. तिथे माणसाच्या नावापुढे बापाचं नाव, त्यापुढे आजोबाचं. आई कुठे विचारायची पद्धतच नव्हती. तू म्हणालास, "इथं उलटं असतं, विनू. बोंड आईच्या अंगावर धरतं, ते साऱ्या जगाला दिसतं. बाप कोण ते फक्त पराग लावणाऱ्याला ठाऊक. त्यानं लिहिलं ते खरं धरायचं, दुसरा इलाज नाही."

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. परवा तुझ्या सुधाचा फोन आला. ती धारवाडचं घर बंद करून पुण्याला परत जाणार आहे. तुझ्या वह्या आणि मागच्या अंगणातल्या एकोणीस कुंड्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाला द्यायचं तिनं ठरवलं आहे. "काका, पट्ट्या ठिसूळ झाल्यात, हात लावला की मोडतात. तुमचं अक्षर चांगलं. एकदा येऊन नव्या लिहून द्याल का?" मी हो म्हणालो. त्या पट्ट्यांवर काय आहे ते मला न बघता सांगता येतं. मीच लिहिलं आहे. ते खोटं आहे.

हे तुला सांगायला माझ्याकडे सोळा वर्षं होती.

अळणावरचा तो दिवस आठवतो का, असं विचारायची आता सोय नाही. तेव्हा मीच सांगतो. मी नुकता निवृत्त झालो होतो. तू हायस्कुलातल्या विज्ञानाच्या मास्तरकीतून माझ्या एक वर्ष आधी सुटला होतास. हुबळीत देशपांडे नगरातल्या माझ्या घरी येऊन तू मला म्हणालास, "घरात बसून बायकोच्या पायात येऊ नकोस. चल माझ्याबरोबर." सकाळच्या पॅसेंजरनं आपण अळणावरला उतरलो. लाकडाच्या वखारीत तोडलेल्या ऐनाचे ओंडके पडले होते आणि त्यांच्या सालीला चिकटलेली ऑर्किड उन्हात सुकत होती. तू गुडघ्यांवर बसून ती सोडवायला लागलास.

"हे बांडगूळ कशाला गोळा करतोयस?" मी विचारलं.

"बांडगूळ तू. सरकारच्या अंगावर तीस वर्षं जगलास. ही बिचारी झाडाचं काही खात नाही, नुसती बसते."

वखारीचा राखणदार हसला. "सीताळे दंडे री, ओय्री सर," म्हणाला, न्या म्हणून. आपल्याकडची सीतेची वेणी. लांब लोंबता तुरा, पांढरी फुलं, त्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके. तू एकेक रोप ओंजळीत घेऊन पाहत होतास आणि एका रोपाशी थांबलास. आखूडसा तुरा होता, अर्धा सुकलेला. "विनू, ह्याच्यावर एकही ठिपका नाही बघ." मला त्यात विशेष काही वाटलं नाही. परत येताना गाडीत ते रोप तू मांडीवर ठेवलंस आणि शेजारच्या बाईनं पिशवी ठेवायला जागा मागितली तर उभा राहिलास, पण रोप खाली ठेवलं नाहीस.

माळमड्डीतल्या तुझ्या घरामागे चिकूचं झाड, त्याच्या सावलीत तारांवर टांगलेल्या कुंड्या, आणि खाली दोन लोखंडी खुर्च्या. माझं उतारवयातलं शिक्षण तिथं झालं. आठवड्यातून तीनदा मी हुबळीहून बसनं यायचो. तू मला विचारायचास, "काय, धूळ झाडून आलास?" मी म्हणायचो, "हो, आता तुमच्या गावची शेवाळ चढवून घेतो." हुबळी बरी की धारवाड, हा वाद आपण शेवटपर्यंत मिटवला नाही.

ठिपके आणि पांढरेपणा यांचं गणित तू मला माझ्याच घरावरून समजावलंस. "तुझ्या आईचे डोळे घारे. तुझे काळे. तुझ्या पोरीचे पुन्हा घारे. ते मधे गेले कुठे?"

"कुठे?"

"तुझ्यातच होते. काळ्याखाली लपले होते. तुझ्या बायकोच्याही घरी कुणीतरी घारं असणार, विचार."

मी घरी जाऊन विचारलं. तिची आजी घारी होती. दुसऱ्या दिवशी तुला सांगितलं तेव्हा तू मुलाचा पेपर पूर्ण मार्कांचा निघावा तसा खूष झालास. मग बेत सांगितलास. ठिपक्यांचं आणि बिनठिपक्यांचं लग्न लावायचं. पहिल्या पिढीत सगळी पोरं ठिपक्यांचीच निघतील, पांढरेपणा लपून बसेल. त्या भावंडांचं एकमेकांशी लावायचं. मग दुसऱ्या पिढीत चारांत एक पांढरं. "लपलेलं दुसऱ्या पिढीत बाहेर येतंच," तू म्हणालास. पेरल्यापासून फुलायला सहा-सात वर्षं, म्हणजे दोन पिढ्यांना तेरा-चौदा. आपण तेव्हा साठीला टेकलेले. मी हिशेब करून तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालास, "इरली बिडो." असू दे, सोड. तुझं सगळ्यावरचं औषध.

पट्ट्या तू तेलाच्या पांढऱ्या डब्यांच्या कापायचास आणि लिहायच्या पेन्सिलीनं. "शाई ऊन-पावसात उडते, पेन्सिल राहते." मी म्हणायचो, आमच्या कचेरीत पेन्सिलीची नोंद ग्राह्य नसते, कुणीही खोडरबर घेऊन येईल. तू म्हणायचास, "इथं कोण येतंय खोडायला? तू आणि मी."

पांढरी दोन पावसाळे फुललीच नाही. त्या काळात मी ठिपक्यांच्या रोपांवर हात बसवला. दात कोरायच्या काडीच्या टोकानं फुलाच्या तोंडावरची टोपी उचलायची, आतले मोहरीएवढे दोन पिवळे गोळे काडीला चिकटवून घ्यायचे आणि दुसऱ्या फुलाच्या चिकट खळग्यात ठेवायचे. माझी पहिली फुलं सगळी मोडली. तू रागावला नाहीस. म्हणालास, कारकुनाचा हात आहे, दाबून लिहायची सवय.

तिसऱ्या जूनमध्ये पांढरीला तुरा आला. अर्धा गोगलगाईनं खाल्ला. उरलेल्या चार फुलांचे पराग तू स्वतः काढलेस. रोप अशक्त होतं, बोंड पोसणं त्याला झेपलं नसतं, म्हणून तू त्याला बाप करायचं ठरवलंस. आई म्हणून अंगणातली सर्वांत दांडगी ठिपक्यांची निवडलीस. तिच्या कळ्या उमलायला दोन दिवस होते. आणि त्याच दिवशी कमलावहिनींना हुबळीच्या दवाखान्यात दाखल करायचं ठरलं. पोटात गाठ होती. तू पराग कागदाच्या पुडीत घातलेस, पुडी तांदळाच्या डबीत, डबी माझ्या हातात, आणि वर घराची किल्ली. "परवा सकाळी जाऊन लाव. तुला आता येतं."

दत्तू, ती पुडी उघडायची मला काही गरज नव्हती. हे मी आधी लिहून टाकतो. दुपारी करंट गेला होता. मंदा आत पडली होती. मी हॉलमध्ये खिडकीशी टेबल ओढून बसलो आणि मनात आलं की पांढरीचे पराग पांढरे असतात की पिवळे, ते बघावं. नवशिक्याचं कुतूहल. पुडी उघडली, भिंग लावलं. पिवळेच होते. आठ दाणे. मी मोजत होतो आणि करंट आला. पंखा पाचवर होता.

आमच्या हॉलची फरशी मोझॅकची आहे, तुला माहीत आहे. पांढरे, काळे, तांबडे आणि पिवळे ठिपके. मोहरीएवढे. मी त्या फरशीवर पालथा पडून संध्याकाळपर्यंत भिंग फिरवत होतो. मंदा चहा घेऊन आली. "काय शोधताय?"

"चष्म्याचा स्क्रू."

"चष्मा तर डोळ्यावर आहे."

"दुसऱ्या चष्म्याचा."

ती पहिली थाप. पुढच्या सगळ्या तिच्यापेक्षा सोप्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी धारवाडला गेलो. पांढरीची चारही फुलं मिटून पिवळी पडली होती. पराग काढला की फूल कोमेजतं, तूच शिकवलं होतंस, तरी काडीनं चारही उकरून पाहिली. काही नव्हतं. बसमध्ये वाक्य जुळवलं: दत्तू, माझ्याकडून चूक झाली, पुढच्या जूनपर्यंत थांबू. वाक्य चांगलं होतं. अजून पाठ आहे.

दवाखान्यात तू जिन्याखालच्या बाकावर थर्मास मांडीवर घेऊन बसला होतास. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उघडल्यावरच कळेल. तुझा शर्ट आदल्या दिवशीचाच होता.

"दत्तू, अरे," मी म्हणालो.

"लावलंस?" तू विचारलंस. "आज जायचं नव्हतं खरं, पण तू गेलास म्हणे. उमलली का लवकर?"

"अरे, ऐक ना..."

"लावलंस ना? आज एक तरी गोष्ट नीट झाली म्हण."

"लावलं," मी म्हणालो.

तू मान मागे भिंतीला टेकवलीस. सोळा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तुझ्याकडे बघून मला ते बोलवेना. ते अर्धं खरं आहे. अर्धं असं की माझ्या चुकीची मला लाज वाटत होती आणि तू स्वतःहून मला वाट काढून दिलीस.

वहिनी आत ऑपरेशनच्या टेबलावर होत्या त्या सकाळी मी तुझ्या अंगणात होतो. दांडगी उमलली होती. चिकूच्या फांदीवर आणखी एक ठिपक्यांचं रोप लटकत होतं, सर्वांत आधी आणलेलं. मी त्याचे पराग काढले आणि दांडगीच्या फुलात ठेवले. इतकं सुबक काम मला आधी कधी जमलं नव्हतं. पट्टीवर पेन्सिलीनं लिहिलं: ठिपक्यांची × पांढरी. खाली तारीख. मग तुझ्या वहीतही तसंच. आई बरोबर होती. बापाच्या जागी मी खोटं लिहिलं.

पुढच्या जूनमध्ये पांढरी फुलली की सांगायचं, असं मी ठरवलं. तेव्हा पुन्हा पराग मिळाले असते, तू चार शिव्या दिल्या असत्यास आणि एक वर्ष गेलं असतं, बस. पण वहिनी बऱ्या होऊन घरी आल्या आणि थेट मागच्या अंगणात गेल्या. बोंड बोटाच्या पेराएवढं झालं होतं. "माझ्या ऑपरेशनच्या दिवशी हे धरलं," त्या म्हणाल्या. "हे टिकलं, म्हणून मी टिकले." रोज तुळशीचं झालं की त्या बोंडाच्या कुंडीला कुंकवाचं बोट लावायला लागल्या. तू मला डोळा घातलास. मीही हसलो. त्या पावसाळ्यात पांढरी बुंध्याशी कुजली. आठ दिवसांत गेली. मी बसमधून उतरून मागे आलो तर तू तिची पानं हातात घेऊन उभा होतास. मला वाटलं आता सांगावंच लागेल. तर तूच माझ्या खांद्यावर हात ठेवलास. "वाईट वाटून घेऊ नकोस. ती बोंडात आहे."

त्या दिवशी दार लागलं, दत्तू. त्याआधी माझ्याकडे चूक होती आणि ती दुरुस्त करायची सोय होती. त्यानंतर नुसती चूक उरली.

मग बाटल्यांची वर्षं. बोंडातलं बी म्हणजे पिवळी धूळ. ते मातीत रुजत नाही, साखर आणि चायना ग्रासच्या खळीवर, कुकरात उकळलेल्या बाटल्यांत वाढवायचं, हे तू कुठूनसं वाचून काढलंस. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या. "भावजी, कुकरात भात कधी लावायचा ते तुमच्या संततीला विचारून सांगा." शहाळ्याचं पाणी घालायचं की केळं, यावर आपण भांडलो. दोन्ही घातलं. निम्म्या बाटल्यांना बुरशी आली. उरलेल्या दर काही महिन्यांनी नव्या बाटलीत काढायच्या, आणि दर वेळी नवी पट्टी. अक्षर चांगलं म्हणून पट्ट्या माझ्याकडे. ठिपक्यांची × पांढरी, ठिपक्यांची × पांढरी. तू बाटल्या पुसायचास, मी लिहायचो. खोडरबर माझ्या शर्टाच्या खिशात असायचं. बाकी कुणी येणार नव्हतं, तू म्हणाला होतास तसं, तू आणि मी.

एकदा बोलायला गेलो होतो. तू मला बसस्टॉपवर सोडायला आला होतास. मी म्हणालो, "दत्तू, समज की ते बोंड पांढरीचं नव्हतंच."

"म्हणजे?"

"म्हणजे मधमाशीनं आधीच दुसरा पराग आणला असेल तर?"

तू विचार केलास. तू नेहमीच खरोखर विचार करायचास. "मी नसताना तू लावलंस म्हणून तुला तशी भीती वाटते," तू म्हणालास. "तुझ्या हातावर माझा विश्वास आहे. बस आली बघ." मी बसमध्ये चढलो.

सातव्या वर्षी पहिली पिढी फुलली. अकरा रोपं, सगळी ठिपक्यांची. ठिपक्यांच्या दोन रोपांची मुलं दुसरी कशी असणार? पण तुझा अंदाज नेमका हाच होता. तू कोपऱ्यावरून चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी आणलीस, वहिनींना बाहेर बोलावलंस. "बघ की, लपली. म्हटलं होतं ना, पहिल्या पिढीत लपणार." माझं खोटं आणि तुझं शास्त्र एकसारखंच दिसत होतं. त्या अंगणात उभं राहून कुणालाही फरक सांगता आला नसता. मी गिरमिटाची पुडी तशीच खाली ठेवली. वहिनी म्हणाल्या, "तिखट लागलं का भावजी?" मी हो म्हटलं. त्या पाणी घेऊन आल्या.

भावंडांचा पराग तू स्वतः लावलास. पुन्हा बोंड, पुन्हा बाटल्या, पुन्हा माझ्या हातच्या पट्ट्या. दोन वर्षांनी वहिनी गेल्या, झोपेतच. पोटाच्या दुखण्याचा संबंध नव्हता. महिनाभर तू अंगणात आला नाहीस, कुंड्यांना पाणी मी घालत होतो. मग एका सकाळी तू येऊन खुर्चीवर बसलास आणि म्हणालास, "तिला पांढरं फूल बघायचं होतं. आपण बघू." त्यानंतर मी कसा बोलणार होतो? बोलायला हवं होतं. नंतर नेहमीच असं वाटतं की आणखी आधी सोपं होतं.

रोपं बाटलीतून बाहेर आली तशी तू भिंग घेऊन त्यांच्या मुळांची टोकं बघायला लागलास. पांढरीच्या मुळांची टोकं निव्वळ हिरवी होती, हे तू वहीत टिपून ठेवलं होतंस. बाकी सगळ्यांची जांभळट. एकोणीस रोपं. एकोणीसही जांभळट. तू म्हणालास, "मुळांवरून नक्की सांगता येत नाही." पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बघत होतास. मी शेजारच्या खुर्चीवर बसून, जे येणार नव्हतं त्याची तुझ्याबरोबर वाट पाहत होतो. ती सहा वर्षं मला कशी गेली हे कुणाला सांगता येणार नाही. आठवड्यातून तीनदा बस, तुझा चहा, धुळीवरून टोमणा, आणि अंगणात ते एकोणीस जण. मला न येता राहवत नव्हतं आणि आलो की उठून जावंसं वाटायचं. मंदा म्हणायची, तुम्ही धारवाडहून आलात की तुमचा चेहरा कचेरीत ऑडिट असल्यासारखा असतो.

ती रोपं फुलली. दोन जूनमध्ये मिळून सगळी. एकेक कळी फुटायची तेव्हा तू पुढे वाकायचास. ठिपका. ठिपका. शेवटची फुलली त्या दिवशी तू भिंग खिशात घातलंस. मग म्हणालास, "एकोणीसांत चार-पाच तरी हव्या होत्या. एकही नाही म्हणजे माझंच चुकलं. तो पांढरेपणा तसा उतरत नसणार. रोगानं आला असेल, उन्हानं आला असेल, काय की." तू माझ्याकडे वळलास.

"विनू, माफ कर बाबा. माझ्या खुळापायी तुझी पंधरा वर्षं फुकट घालवली."

आणि मी म्हणालो, "इरली बिडो."

तुझा शब्द तुलाच परत दिला. तुझी माफी मी घेतली, दत्तू. त्या पुडीपेक्षा, त्या पट्टीपेक्षा मला हे जास्त जड जातं. चूक हातून झाली. माफी मी समजून-उमजून खिशात घातली आणि हुबळीची बस पकडली.

आज सकाळी तुझ्या अंगणात गेलो. तुरे सुटायला लागले आहेत. सुधानं पट्ट्या कापून ठेवल्या होत्या आणि टोक काढलेली पेन्सिल. मी खुर्चीवर बसून तिला सगळं सांगितलं. पंखा, दवाखाना, चिकूवरचं रोप. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "एवढंच ना काका? मला वाटलं आणखी काय आहे." तिला माझं मन हलकं करायचं होतं. मी म्हणालो, "वही आण."

तिनं शेवटचं पान काढलं. तुझं अक्षर अलीकडे वाकडं यायला लागलं होतं. "पांढरा गुण पुढे उतरत नाही. माझा अंदाज चुकला." तिनं ते वाचलं, मग मागची पानं उलटली, पंधरा वर्षांची, कुठल्या बाटलीला कधी हात लावला ते सगळं. मग तिनं वही माझ्यापुढे ठेवली आणि उठून चिकूखाली जाऊन उभी राहिली. पाठमोरी. तिथूनच म्हणाली, "अप्पा मला फोनवर म्हणाले होते, एवढी साधी गोष्ट पोरांना शिकवत आलो आणि स्वतःला जमली नाही." आणि मग, "लिहा काका. सही करा."

कचेरीत चुकलेली नोंद खोडून घालवायची नाही, असा नियम होता. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर शब्द. शेजारी सही. म्हणजे चूक कुणाची होती आणि सुधारली कुणी, हे पुढच्याला कळतं. मी माझं शाईचं पेन नेलं होतं. सोळा वर्षांपूर्वीचं पान उघडलं, माझं पेन्सिलीतलं अक्षर तसंच्या तसं होतं. पेन्सिल राहते, तू म्हणायचास ते खरं. "पांढरी" या शब्दावर रेघ ओढली. वर लिहिलं, "चिकूवरची". सही केली. एवढी वर्षं तो बाप सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लटकत होता.

मग शेवटच्या पानावर आलो. तुझ्या त्या ओळीवरही रेघ ओढायला हात गेला, पण थांबलो. ती नोंद तुझी, तिला हात लावायचा मला अधिकार नाही. तिच्याखाली लिहिलं: "वरील निष्कर्ष माझ्या खोट्या नोंदीवरून काढला गेला. पांढरीचा पराग कधी लावलाच नव्हता. दत्तात्रेय मास्तरांचा अंदाज तपासला गेलेला नाही." तू बरोबर होतास, असं लिहायचं फार मनात होतं. पण ते मला ठाऊक नाही. ते ठाऊक होण्याची एकच सोय होती, आठ दाण्यांची, आणि ती आमच्या हॉलच्या फरशीत गेली. तू चुकलास असं आता कुणाला म्हणता येणार नाही, एवढंच मी तुला परत देऊ शकलो.

तू असतास तर काय म्हणाला असतास ते मला माहीत आहे. ते दोन शब्द तुझ्या तोंडी घालून मला सुटायचं नाही. ते मी एकदा वापरून चुकलो आहे.

वही शाईनं लिहिली. पट्ट्या मात्र पेन्सिलीनंच. सुधा एकेक कुंडी खाली उतरवून देत होती, मी लिहीत होतो. ठिपक्यांची × चिकूवरची, त्यांच्या पोरांची पोरं. आई आधी, बाप नंतर. एकोणीस वेळा.